जेन्युइन, ओईएम की लोकल? क्रँक सेन्सर घरी बदलणाऱ्यासाठी

चेक लाइट लागलीय, स्कॅनरवर क्रँक सेन्सरचा पी०३३५ कोड आलाय, बोनेटखाली हात घालायची भीती कधीच मोडलीय आणि आता घोडं अडलंय ते दुकानाच्या काउंटरवर: डबा कुठला उचलायचा? हा मजकूर त्या माणसासाठी. सेन्सर कुठं बसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याच्याकडून क्रँकशाफ्टच्या फिरण्याचा सिग्नल घेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

काउंटरवर तीन प्रकारचा माल येतो. गाडीच्या कंपनीचं नाव, होलोग्राम आणि एमआरपी छापलेला जेन्युइन. तो सेन्सर मुळात ज्यांनी बनवून गाडीच्या कंपनीला पुरवला त्या बॉश, डेन्सो, कॉन्टिनेन्टल, डेल्फी वगैरेंच्या स्वतःच्या डब्यातला ओईएम. आणि पांढऱ्या नाहीतर खाकी डब्यातला, ज्याच्यावर गाडीचं नाव पेनानं लिहिलेलं असतं, तो लोकल. मी तिन्ही जवळून बघितलेत. जेन्युइन मेहुण्याच्या गाडीत आम्ही दोघांनी मिळून बसवला, ओईएम सध्या माझ्या गाडीत आहे, आणि त्याच्या आधी तिथं गॅरेजवाल्यानं बसवलेला लोकल होता. माझा कल कुठं आहे ते वाचता वाचता कळेलच. पण तुमची गाडी, तुमचं गाव आणि तुमची घाई वेगळी, त्यामुळं तुमचा हिशोबही थोडा वेगळा निघू शकतो.

पैसे टाकण्याआधी एक काम मात्र उरकून घ्या. पी०३३५ हा कोड सर्किटचा आहे, एकट्या सेन्सरचा नाही. सर्किटमध्ये वायरही आली आणि कपलरही आला. आमच्या परभणीकडं सोयाबीन निघाली की रानातले उंदीर घराकडं सरकतात आणि घरातले बोनेटखाली. नवीकोरी दिसणारी वायर खालच्या अंगानं कुरतडलेली असते, वरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. कपलर काढा, आत हिरवट गंज, वाकलेली पिन, तेलाचा ओलावा काही दिसतंय का बघा. मग कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि स्कॅनरवर आरपीएम लावून ठेवा. सेल्फ फिरतोय आणि स्क्रीनवर आकडा शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोनशेच्या आसपास आकडा नीट येतोय, तर सेन्सरला सोडा आणि डिझेलकडं बघा. एवढं केलं की निम्म्या लोकांना डबा घ्यावाच लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. अंदाजच हं, मोजून सांगत नाही.

आता लोकल. लोकल म्हणजे टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. गल्लीतल्या एका पिकअपमध्ये लोकल क्रँक सेन्सर वर्षानुवर्षं निवांत चाललाय, मालकाला त्याची आठवणही नाही. चार-पाचशेत काम होतं. परभणी असो, सेलू असो की गंगाखेड, संध्याकाळी सात वाजता दुकानात जा, मिळतो. घरात लग्न आहे आणि गाडी दारात उभी आहे अशा वेळेला या गुणाला तोड नाही. आणि दुकानदारही खोटं बोलत नाही, तोंडावर सांगतो, "गॅरंटी नाही बगा सर, चालला तर लई चालतो."

मला त्याचं न चालणं खटकलं नाही, खटकलं ते त्याचं मधेच न चालणं. या एका गोष्टीवर माझा सगळा निर्णय ठरला, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. रस्त्याला लागल्यावर एसी लावा, दोन तास पळवा, कुरकुर नाही. चालत्या गाडीत त्यानं कधी दगा दिला नाही. दगा द्यायचा तो चहाला थांबल्यावर. मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला, झिरो फाट्यावर गाडी सावलीला लावली, चहा घेतला, पाणी घेतलं, परत येऊन चावी फिरवली की सेल्फ नुसता फिरतोय. इंजिन पकडतच नाही. आरपीएमचा काटा हलत नाही. मागच्या सीटवर म्हातारी माणसं, काचा खाली, आणि प्रत्येक जण सल्ला देतोय.

हे थांबल्यावरच का होतं, त्याला कारण आहे. गाडी चालू असते तेव्हा पाणी फिरतं, फॅन चालतो, पुढून वारा येतो. इंजिन बंद केलं की तिन्ही थांबतात, पण लोखंडातली धग तशीच असते. ती बाहेर यायला लागते आणि बंद केल्यावर पहिली दहा-वीस मिनिटं बोनेटखालचं तापमान चालत्या गाडीपेक्षाही वर जातं. क्रँक सेन्सर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या ब्लॉकला नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाउसिंगला चिकटून बसलेला, त्यामुळं ती सगळी धग त्याच्या अंगावर. माझ्या गाडीतल्यासारखा दोन तारांचा सेन्सर असेल तर त्याच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते. तारेचं टोक नीट जोडलेलं नसेल, किंवा भोवतीचं प्लास्टिक हलक्या प्रतीचं असेल, तर तापल्यावर ते फुगतं, जोड सुटतो आणि सिग्नल बंद. गार झालं की जोड परत टेकतो आणि सेन्सर पुन्हा साळसूद.

म्हणजे बिघाड फक्त अर्धा तास जिवंत असतो, आणि मेकॅनिकला यायला बरोबर अर्धा तास लागतो.

उस्ताद मोटारसायकलवर पाने घेऊन पोचेपर्यंत आपण बोनेट उघडून ठेवलेलं असतं, वारा लागलेला असतो. उस्ताद सीटवर बसतो, चावी फिरवतो, गाडी चालू. मग तो आपल्याकडं बघतो. "सर, गाडी तर चालू हाय की. काय झालतं?" डॉक्टरच्या दारात पोचल्यावर पोराचं पोट दुखायचं थांबावं, तशातली गत. स्कॅनर लावला तरी कोड दर वेळी साठवलेला मिळतोच असं नाही. मग अंदाज सुरू होतात. डिझेल फिल्टर बदला. बॅटरी बदला. सेल्फ खोला. पंपवाल्याला दाखवा. यातला प्रत्येक अंदाज त्या चारशे रुपयांच्या सेन्सरपेक्षा महाग पडतो आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी व्यवस्थित चालू होते, कारण तोवर ती गार झालेली असते.

शेवटी तो लोकल सेन्सर काढून मी स्वयंपाकघरात आणला. स्टीलच्या पेल्यात कडकडीत पाणी, त्यात सेन्सरचं नुसतं टोक बुडेल एवढंच, कपलर वर कोरडा, आणि दोन्ही पिनांना मल्टिमीटरच्या तारा. आधी गार असताना मीटर आठशेच्या घरात होता. पाण्यात टोक गेल्यावर आकडा सावकाश चढू लागला. तो चढणं बरोबरच आहे: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो, म्हणजे २५ अंशांना ८०० ओहमची कॉइल १०० अंशांना हजाराच्या थोडी वर जाणारच. तो बिघाड नव्हे. पण माझा आकडा नऊशेच्या पुढं गेला, दोनदा थरथरला, आणि स्क्रीनवर डाव्या कडेला एकटा १ उभा राहिला. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर तो १ म्हणजे तार तुटली. सेन्सर बाहेर काढून पंख्याखाली धरला, आणि थोड्या वेळानं तोच मीटर पुन्हा आठशेवर.

ही परीक्षा दोन तारांच्या, म्हणजे कॉइलवाल्या सेन्सरचीच. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहमवर मोजू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, मीटर काहीबाही दाखवतो आणि त्यातून काही कळत नाही. तिथं सप्लाय आणि अर्थिंग तपासायचं आणि बाकीचं स्कॅनरच्या आरपीएमवर सोडायचं.

रस्त्यात असं अडकलात तर एक उपाय लक्षात ठेवा: सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर त्याच्यावर ओला फडका धरा, पाण्याच्या बाटलीतून थोडं थोडं पाणी त्याच्यावरच सोडा. पाच-सात मिनिटांत गाडी चालू झाली, तर निदानही झालं आणि घरीही पोचलात. एक्झॉस्टवर पाणी उडवू नका आणि उघड्या हातानं चाचपडू नका.

लोकलची आणखी एक खोड सांगतात, ती माझ्या वाट्याला आली नाही पण पटण्यासारखी आहे. कॉइलवाल्या सेन्सरचा सिग्नल क्रँकबरोबर फिरणारं दातांचं चाक जितकं हळू फिरेल तितका कमजोर निघतो. सेल्फ मारताना इंजिन सगळ्यात हळू फिरत असतं. त्यात सेन्सरची बसायची कड अर्धा मिलिमीटर जाड निघाली, किंवा बॅटरी दमलेली असली, की सिग्नल आणखी क्षीण होतो. सेन्सरचं टोक आणि दातांच्या चाकामधली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास ठेवलेली असते, तिथं अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाला. क्वचित कपलरमधल्या दोन तारा उलट जोडलेल्याही येतात. मग सिग्नल येतो पण ईसीयू क्रँकची जागा ज्यावरून ओळखतो ती चाकावरच्या मुद्दाम वगळलेल्या दातांची जागा त्याला नीट सापडत नाही, आणि माणूस टायमिंग चेनपर्यंत जाऊन पोचतो.

जेन्युइनबद्दल तक्रार करायची तर मालाबद्दल करता येत नाही. मेहुण्याच्या गाडीचा डबा उघडला तेव्हा ओ-रिंग बसवलेली, बोल्ट पिशवीत, वायरची लांबी अचूक, वायरवरचं उष्णतेचं कव्हर जिथल्या तिथं, क्लिपसुद्धा जुन्याच भोकात बसली. बसवताना कुठं म्हणून विचार करावा लागला नाही. पहिल्यांदाच असलं काम करणाऱ्याला हे सुख मोठं आहे, आणि त्याची किंमत मोजायला मी कुणाला मना करणार नाही.

पण तो डबा हातात येईपर्यंतचं जे आहे, ते आमच्याकडच्या माणसाला जड जातं. स्पेअर्सचा काउंटर नांदेडला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. चेसिस नंबर द्या. स्टॉक नाही, मागवावा लागेल. ॲडव्हान्स भरा. इलेक्ट्रिकल माल, वापस होणार नाही. आणि गाडी इथं न आणता नुसता सेन्सर नेताय म्हटल्यावर काउंटरवरच्या पोराच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो वेगळाच. "तुमी कुठं बसवनार सर? आमच्याकडं बसवला तरच वॉरंटी भेटंल." नियम त्यांच्या जागी बरोबर असेल. पण मग घरी बसवायचं कशाला? माझ्या डोळ्यांसमोर जे दर आले त्यात जेन्युइनचा आकडा ओईएमच्या दुपटीकडं झुकत होता. गाडीगणिक हे बदलतं, म्हणून याला नियम समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानं सगळ्याच डब्यांचे भाव थोडे उतरले, पण दोन डब्यांमधलं अंतर काही मिटलं नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा वाद सोडा आणि सरळ सर्व्हिस सेंटरला न्या. तिथं घरी पाना लावण्यात शहाणपण नाही.

आता ओईएम. जुना, कारखान्यातून आलेला सेन्सर बाहेर काढलात की तो चिंधीनं पुसा आणि उजेडात धरा. अंगावर गाडीच्या कंपनीचा नंबर असतोच, पण बऱ्याचदा शेजारी बनवणाऱ्याचं चिन्ह आणि त्याचा स्वतःचा नंबरही कोरलेला असतो. कधी ते चिन्ह घासून टाकलेलं असतं, पण नंबर तसाच राहतो. बॉशचा नंबर दहा अंकी असतो, क्रँक सेन्सरचे पुष्कळसे ०२६१ नं सुरू होतात, डिझेलकडचे बरेच ०२८१ नं. हा नंबर हाती लागला की जेन्युइनच्या डब्यात काय आहे ते तुम्हाला कळलं, आणि तीच वस्तू दुसऱ्या डब्यात मागायची सोय झाली. माझ्या गाडीत आधी लोकल बसलेला, त्यामुळं त्याच्या अंगावर वाचायला काहीच नव्हतं. ओळखीतल्या एकाच्या तशाच गाडीखाली टॉर्च घेऊन शिरलो, फोटो काढला, तो दुकानदाराला पाठवला. संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलेलं पार्सल सकाळी परभणीत. भाव हजार-बाराशेच्या आसपास. लोकलपेक्षा महाग आहेच, पण ज्या रकमेत एक डिझेल फिल्टर आणि उस्तादाची एक फेरी उगीच जाते, तेवढाच.

ज्यांचा हा धंदाच आहे त्यांच्या मालात फरक पडतो, एवढं मला पटलंय. बॉशनं पहिला लॅम्बडा, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, व्होल्वोच्या गाडीत दिला तो १९७६ साली. इतकी वर्षं तापत्या लोखंडाला चिकटून राहणारी वस्तू बनवणाऱ्याला उन्हाळा म्हणजे काय ते कळत असावं. माझ्या गाडीत तो बसल्यानंतर पूर्ण उन्हाळा गेला, भर दुपारी जिथं जिथं थांबलो तिथून गाडी पहिल्या सेल्फला निघाली. पेल्यातली परीक्षा त्याचीही बसवण्याआधीच घेतली होती. आकडा चढला, हजाराच्या जवळ जाऊन थांबला आणि तिथंच राहिला.

ओईएमचे काटे नाहीत असं नाही. डब्यात नुसता सेन्सर येतो. ओ-रिंग लावलेली असते, पण बोल्ट, क्लिप, वायरवरची उष्णतेची नळी येईलच असं नाही. जुन्या सेन्सरची नळी जपून काढून नव्याच्या वायरवर चढवावी लागते. नंबरच्या शेवटचे आकडे बदललेले असले तर कपलर तोच असून वायर आखूड निघू शकते. आणि सगळ्यात मोठा काटा म्हणजे नकली डबा. ज्या नावाला मान त्याच नावाची नक्कल होते. डबा हुबेहूब असतो, त्यामुळं डब्यावर जाऊ नका, सेन्सर हातात घ्या. नंबर अंगावर कोरलेला आहे की शाईनं छापलाय ते बघा. शाईचा असेल तर ओल्या अंगठ्यानं घासा. कपलरच्या आतल्या पिना सरळ आणि एका उंचीच्या आहेत का बघा. प्लास्टिकच्या जोडावर रेघ राहिलेली, जादा प्लास्टिकची कड निघालेली असेल तर परत द्या. बिल मागा. बिल द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडं स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. ऑनलाइन घ्यायचा तर विकणाऱ्याचं नाव वाचून घ्या, कारण वरच्या चित्रात आणि आतल्या पार्सलमध्ये अंतर असू शकतं.

बसवण्याचं काम तिन्हीला सारखंच, म्हणून थोडक्यात. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे आमच्याकडं तरी सकाळी सहाला. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा, आणि विटा रचून त्यावर गाडी टेकवण्याचा उद्योग तर अजिबात नको. सेन्सर बेल हाउसिंगजवळ असेल तर शेजारीच सेल्फची जाड वायर असते, ती कायम जिवंत असते, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. कपलरचं लॉक दाबायच्या आधी त्यात साठलेली माती फुंकून नाहीतर ब्रशनं काढा. आमची काळी माती वाळली की लॉकच्या खोबणीत सिमेंटसारखी बसते आणि दाबलं की प्लास्टिकचं नख मोडतं. बोल्ट बहुधा एकच, दहाच्या गोटी पान्याचा.

बोल्ट निघाल्यावर सेन्सर सहज निघत नाही, इथं धीर धरावा लागतो. ओ-रिंग फुगलेली, ॲल्युमिनियमला गंजाची पांढरी पूड चढलेली. स्क्रूड्रायव्हर घालून कानाखालून उचकटलं की कान तुटतो आणि नळकांडं आत राहतं, मग मात्र उस्तादाला बोलवावंच लागतं. स्प्रे मारा, बसू द्या, पक्कडीनं डावी-उजवीकडं अगदी थोडं थोडं फिरवा. एकदा का तो फिरायला लागला की बाहेर येतो. भोक स्वच्छ पुसा, बॅटरीच्या उजेडात आतले दात बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत साठ दातांतले दोन वगळलेले असतात, पण चिरलेला नाहीतर वाकलेला दात दिसला तर नवा सेन्सर घेऊनही उपयोग नाही. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, हातानं दाबून पूर्ण टेकवा, आणि मगच बोल्ट. बोल्टनं ओढून सेन्सर आत नेऊ नका. आवळायचा तो दोन बोटांच्या जोरानं, सहा एमएमचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आहे. वायर जुन्याच वाटेनं न्या, एक्झॉस्टला टेकू देऊ नका. काही गाड्यांत, जास्त करून पेट्रोलच्या, नवा सेन्सर स्कॅनरवरून ईसीयूला शिकवावा लागतो. तुमच्या गाडीत तसं आहे का ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर सगळं बरोबर बसवूनही चेक लाइट जात नाही.

हाच हिशोब सगळ्या सेन्सरना लावू नका. कॅम सेन्सरला लागू आहे, तो क्रँकचा सख्खा भाऊच. ऑइल प्रेशरचा किंवा रिव्हर्सचा स्विच लोकल घेतला तरी माझी हरकत नाही, गेला तर गाडी रस्त्यात अडत नाही. फक्त ऑइलचा दिवा लागला तर तो स्विचचाच दोष आहे असं समजून गाडी पळवू नका. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मधला आहे. मी ओईएमच घेतो, पण लोकल घेतलाच तर बसवण्याआधी गार आणि गरम पाण्यात मोजून घ्या, गरम होताना रेझिस्टन्स उतरला पाहिजे, क्रँकच्या नेमका उलट. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो मीटर लोकल नको म्हणजे नकोच. त्याच्या आधी त्याच्यासाठीचाच स्प्रे मारून बघा, कार्ब क्लीनर नव्हे. आमच्या धुळीत फिल्टर वेळेवर न बदललेल्या गाड्यांचं निम्मं दुखणं तिथंच असतं. ऑक्सिजन सेन्सरला बॉश, डेन्सो नाहीतर एनटीके, आणि बावीसचा पाना. गरम एक्झॉस्टमध्ये पीळ अडकलेला असतो, जोर लावायच्या आधी स्प्रे मारून रात्रभर ठेवा. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमधला नॉक्स सेन्सर, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा, घरच्या कामात धरू नका. त्याला स्वतःचा कंट्रोलर असतो आणि काही गाड्यांत स्कॅनरशिवाय नवा स्वीकारलाच जात नाही.

राहिला उस्ताद. ओईएमचा डबा घेऊन गेलात तर बहुतेक जण बसवून देतात, मजुरी थोडी जास्त सांगतात, आणि माल आपला नाही म्हणून जबाबदारीही आपली नाही असं बजावतात. ते रास्तच आहे. अडचण उलट बाजूनं असते. "तुमीच आना आन् लावा" असं सांगितल्यावर काय येईल ते आपल्या हातात नसतं. माझ्या गाडीत लोकल आला तो असाच, बिलावर नुसतं 'सेन्सर' लिहून. गॅरेजमध्येच बसवायचं ठरवलं तरी डबा तुम्ही न्या. जुना सेन्सर मागून घ्या आणि चालू असेल तर नंबर वाचता येईल असा पुसून डिकीतल्या पान्यांच्या पिशवीत टाका. पुढच्या वेळी फोटो काढायला दुसऱ्याच्या गाडीखाली शिरावं लागणार नाही.

लोकल कुणी घ्यावा? ज्याला उद्याच निघायचंय आणि आज दुसरं काही मिळत नाही, त्यानं जरूर घ्यावा. पेल्यात घालून बघावा, टिकला तर बसवावा, आणि ओईएम त्याच रात्री मागवून ठेवावा. जेन्युइन कुणी घ्यावा? ज्याच्या जुन्या सेन्सरवरचा नंबर काही केल्या वाचता येत नाही, ज्याच्या गाडीचा ओईएम बाजारात मिळतच नाही, किंवा ज्याला नकली डबा ओळखण्याची खात्री वाटत नाही. बाकीच्यांनी काउंटरवर एकच करावं: "कंपनीचा देऊ का लोकल?" असं दुकानदारानं विचारलं की गाडीचं नाव न सांगता मोबाइलमधला त्या नंबरचा फोटो त्याच्यासमोर धरावा.